प्रयोगशाळेतील ऊन : टिकाऊपणाच्या चाचणीसाठी दिवा कोणता निवडावा?

पावसाळ्याच्या तोंडावर घेतलेली स्वस्तातील ताडपत्री पुढच्या उन्हाळ्यात हात लावताच फाटू लागते. गच्चीवरची काळी पाण्याची टाकी मात्र त्याच उन्हात वर्षानुवर्षे उभी असते. दोन्ही वस्तू बहुधा पॉलिएथिलीन या एकाच कुळातील प्लॅस्टिकच्या असतात. फरक पडतो तो त्यात मिसळलेल्या दोन-अडीच टक्के काजळीमुळे किंवा प्रकाशरोधक रसायनांमुळे. ही मिसळण पुरेशी आहे की नाही, हे वस्तू बाजारात येण्यापूर्वीच कळणे आवश्यक असते.

त्यासाठी दहा वर्षे थांबणे कोणत्याही उत्पादकाला परवडणारे नाही. म्हणून नमुने एका बंद पेटीत ठेवून त्यांच्यावर कृत्रिम ऊन, उष्णता आणि पाणी यांचा आळीपाळीने मारा करण्यात येतो. उद्योगक्षेत्रात या चाचणीला ‘वेदरिंग टेस्ट’ असे म्हणतात. काही आठवड्यांच्या या चाचणीच्या आधारे पाच, दहा, अगदी पंचवीस वर्षांच्या हमीपत्रावर सही केली जाते. मात्र या पेटीतील दिवा सूर्याची नक्कल कितपत करतो, याकडे खरेदीदाराचे लक्ष क्वचितच जाते. दिवा चुकला तर चांगला माल नापास होतो. त्याहून वाईट म्हणजे, वाईट माल उत्तीर्ण होतो.

नुकसान करणारा पाच टक्के प्रकाश

जमिनीवर पोहोचणाऱ्या सूर्याच्या ऊर्जेपैकी जवळपास निम्मी ऊर्जा अवरक्त, म्हणजे उष्णता देणाऱ्या किरणांची असते. चाळीस टक्क्यांहून अधिक वाटा डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाचा असतो. उरलेला साधारण ५ टक्के भाग अतिनील (जंबुपार) किरणांचा. प्लॅस्टिक पिवळे पडणे, रंगावर पांढरी भुकटी सुटणे, दोरीचे तंतू तुटणे ही बहुतेक कामे हा छोटा भाग करतो.

याचे कारण प्रकाशकणाच्या ऊर्जेत आहे. तरंगलांबी जितकी कमी, तितकी प्रत्येक प्रकाशकणाची ऊर्जा अधिक. प्लॅस्टिकच्या साखळीचा कणा असलेला कार्बन-कार्बन बंध तोडण्यास दर मोलमागे सुमारे ३५० किलोज्यूल ऊर्जा लागते. ३४० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाकडे साधारण तेवढीच ऊर्जा असते. ३०० नॅनोमीटरच्या प्रकाशाकडे ती सुमारे ४०० किलोज्यूल होते, तर ४०० नॅनोमीटरला ती ३०० पर्यंत उतरते. तेव्हा अवघ्या शंभर नॅनोमीटरच्या पट्ट्यात पदार्थाचे भवितव्य ठरते.

अर्थात, पदार्थ जो प्रकाश शोषून घेतो तोच त्याचे काही बिघडवू शकतो. शुद्ध पॉलिएथिलीन सूर्याचे अतिनील किरण जवळजवळ शोषत नाही. तरीही ते उन्हात खराब होते, कारण निर्मितीच्या वेळी राहिलेली अशुद्ध द्रव्ये आणि उष्णतेने तयार झालेली ऑक्सिजनयुक्त संयुगे ते काम करतात. पॉलिकार्बोनेट स्वतःच ते किरण शोषते. त्यामुळे प्रत्येक पदार्थाचा नाजूक पट्टा वेगळा असतो.

पृथ्वीवर या किरणांना एक खालची सीमा आहे. सुमारे २९५ नॅनोमीटरहून आखूड लांबीचे किरण वातावरणातील ओझोन अडवतो. ते जमिनीपर्यंत येतच नाहीत. दिव्याची निवड करताना ही सीमा सर्वांत महत्त्वाची ठरते. तिच्या खालचा प्रकाश देणारा दिवा नमुना झपाट्याने बिघडवतो खरा, पण तो बिघाड घराच्या छपरावर कधीच होणार नसतो.

कार्बनच्या कांड्यांपासून झेनॉनपर्यंत

कृत्रिम उन्हाची गरज प्रथम भासली ती कापडाच्या रंगांसाठी. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेत शिकागो येथे कार्बन-आर्क दिव्यावर चालणारी रंगपरीक्षण यंत्रे तयार होऊ लागली. कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये विजेची कमान पेटवायची आणि तिच्याभोवती कापडाचे तुकडे फिरवायचे, अशी ही रचना होती.

त्या काळी हाच सर्वांत प्रखर दिवा होता. परंतु काचेच्या आवरणातील या कमानीचा प्रकाश ३५० ते ३९० नॅनोमीटरच्या दरम्यान दोन उंच शिखरे गाठतो आणि त्याखाली जवळपास नाहीसा होतो. जो पदार्थ ३०० ते ३५० नॅनोमीटरच्या पट्ट्यात नाजूक आहे, तो या दिव्याखाली अकारण दणकट दिसतो. पुढे आलेल्या उघड्या ज्योतीच्या कार्बन दिव्याने ही उणीव भरून काढली. मात्र तो सूर्याच्या सीमेखालीही थोडा प्रकाश टाकतो. हे दिवे पूर्णपणे इतिहासजमा झालेले नाहीत. जुन्या आकडेवारीशी तुलना करायची असल्यास त्यांचा आधार घेतला जातो आणि आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ४८९२ चा चौथा भाग त्यांच्यासाठीच आहे.

खरा बदल झाला १९५० च्या दशकात. जर्मनीत १९५४ मध्ये झेनॉन वायूच्या दिव्यावर चालणारे चाचणीयंत्र बाजारात आले. क्वार्ट्झच्या नळीत दाबाखाली भरलेल्या झेनॉन वायूतून वीज गेली की अतिनीलपासून अवरक्तापर्यंत सलग पसरलेला प्रकाश मिळतो. दृश्य भागात तो सूर्याशी बराच जुळतो. अतिनील टोकाला तो सूर्यापेक्षाही खाली उतरतो. म्हणून त्याच्याभोवती काचेचे फिल्टर बसवावे लागतात.

झेनॉनच्या चाचणीचा अर्थ या फिल्टरवर ठरतो, हे अनेकदा विसरले जाते. ‘डेलाइट’ फिल्टर लावला तर उघड्यावरचे ऊन मिळते. खिडकीच्या काचेसारखा फिल्टर लावला तर घरातील पडद्यावर किंवा दुकानातील मालावर पडणारे ऊन मिळते; साधी काच ३१० ते ३२० नॅनोमीटरखालचे बहुतेक किरण अडवते. तिसरा, अधिक अतिनील सोडणारा फिल्टर निकाल लवकर देतो, पण सूर्याची सीमा ओलांडतो. एकाच यंत्रातून, एकाच दिव्याखाली तीन वेगळे निकाल निघू शकतात. त्यामुळे ‘झेनॉन चाचणी उत्तीर्ण’ एवढेच लिहिलेल्या दाखल्याला फारसा अर्थ नसतो. शिवाय दिवा आणि फिल्टर दोन्ही वापराने जुने होतात. प्रकाशाची तीव्रता यंत्र आपोआप सांभाळते, परंतु वर्णपटाचा आकार हळूहळू बदलत जातो. म्हणून ते ठरावीक तासांनंतर बदलावेच लागतात.

रंगाच्या बाबतीत मात्र झेनॉनला तोड नाही. अनेक रंगद्रव्ये केवळ अतिनीलने नव्हे, तर दृश्य प्रकाशानेही उडतात. भारतीय मानकांमध्ये कापडाच्या रंगाचा पक्केपणा प्रत्यक्ष दिवसाच्या उजेडात तपासण्यासाठी आयएस ६८६ आणि झेनॉनच्या दिव्याखाली तपासण्यासाठी आयएस २४५४ अशी स्वतंत्र मानके करण्यात आली आहेत. या चाचण्यांत नमुन्याशेजारी निळ्या लोकरीच्या प्रमाणित पट्ट्या ठेवण्याची पद्धत आहे. आंतरराष्ट्रीय श्रेणीत अशा आठ पट्ट्या असतात. प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीपेक्षा साधारण दुप्पट वेळ टिकते. नमुन्याचा रंग कोणत्या पट्टीबरोबर उडाला, यावरून त्याचा क्रमांक ठरतो. दिवा थोडा कमी-अधिक प्रखर असला तरी तोच मारा पट्टीवरही झालेला असतो. इतकी साधी आणि इतकी भरवशाची युक्ती या क्षेत्रात दुसरी नाही.

ट्यूबलाइटसारखी दिसणारी नळी

झेनॉनची यंत्रे महाग असतात, वीज भरपूर खातात आणि निर्माण होणारी उष्णता काढून टाकण्यासाठी पाणी किंवा हवेचा झोत लागतो. १९७० च्या सुमारास अमेरिकेतून आलेल्या फ्लुरोसंट अतिनील यंत्रांनी या खर्चाला पर्याय दिला. त्यातील नळ्या घरातील ट्यूबलाइटच्याच जातीच्या असतात. फक्त आतला लेप दृश्य प्रकाशाऐवजी अतिनील प्रकाश देतो.

आरंभीच्या काळात लोकप्रिय झालेल्या ‘यूव्हीबी-३१३’ या नळीचा प्रकाश ३१३ नॅनोमीटरला शिखर गाठतो, पण तो सुरू होतो सुमारे २८० पासून. म्हणजे सूर्याकडे नसलेले किरण तिच्याकडे आहेत. नमुने लवकर खराब होतात, अहवाल लवकर मिळतो आणि यातच धोका आहे. पॉलिकार्बोनेटचे उदाहरण बोलके आहे. आखूड लांबीच्या किरणांनी त्याच्या रेणूंची अंतर्गत फेरमांडणी होऊन ते पिवळे पडते. उन्हात मात्र मुख्यतः ऑक्सिजनशी संयोग होऊन त्याचा ऱ्हास होतो. दोन्ही ठिकाणी डोळ्यांना पिवळेपणाच दिसतो, रसायनशास्त्र मात्र निराळे असते. एका प्रक्रियेला आवर घालणारे रसायन दुसरीला आवर घालेलच असे नाही. परिणामी दोन मिश्रणांपैकी दिव्याखाली पहिले आलेले मिश्रण छपरावर दुसरे येऊ शकते. गती मिळवताना क्रमवारीच उलटली, तर चाचणीचा हेतूच उरत नाही.

यावर उपाय म्हणून १९८० च्या दशकात ‘यूव्हीए-३४०’ ही नळी आली. २९५ ते ३६५ नॅनोमीटर या पट्ट्यात तिचा वर्णपट दुपारच्या उन्हाशी उत्तम जुळतो; त्या मर्यादित भागात ती अनेकदा झेनॉनपेक्षाही सरस ठरते. त्यापलीकडे मात्र तिच्यात फारसे काही नाही. दृश्य आणि अवरक्त प्रकाश नसल्यामुळे काळा आणि पांढरा नमुना जवळपास सारख्याच तापमानाला राहतो. भर उन्हातील काळ्या आणि पांढऱ्या मोटारीला हात लावून पाहिलेल्या कोणालाही यातील त्रुटी कळेल.

या यंत्रांची जमेची बाजू पाण्याच्या बाबतीत आहे. बाहेर ठेवलेल्या वस्तू अनेक ठिकाणी पावसापेक्षा दवाने अधिक काळ ओल्या राहतात. या यंत्रांत तळाचे पाणी तापवून त्याची वाफ नमुन्यावर दवासारखी जमवली जाते. आठ तास ६० अंश सेल्सिअसला प्रकाश आणि चार तास ५० अंशांना अंधारातील दव, हे नेहमीचे चक्र आहे. लोखंडी पत्र्यावरील रंगाला फोड येतात की नाही, हे पाहण्यासाठी ते उपयुक्त ठरते. झेनॉनच्या यंत्रांत १०२ मिनिटे कोरडा प्रकाश आणि १८ मिनिटे प्रकाशासह पाण्याचा फवारा हे चक्र रूढ आहे. त्यात नमुना फार काळ भिजत नाही.

सौर पॅनेलने शिकवलेला धडा

दिव्याच्या आणि चाचणीच्या निवडीची किंमत किती मोठी असू शकते, हे सौर ऊर्जेच्या क्षेत्रात दिसून आले. सौर पॅनेलच्या पाठीमागे प्लॅस्टिकचा बहुस्तरीय पडदा असतो. ‘बॅकशीट’ या नावाने ओळखला जाणारा हा पडदा विजेपासून संरक्षण करतो. २०१० नंतरच्या काही वर्षांत बसवलेल्या अनेक पॅनेलमध्ये पॉलिअमाइडपासून बनवलेली बॅकशीट वापरण्यात आली होती. ही पॅनेल आंतरराष्ट्रीय चाचण्या उत्तीर्ण झालेली होती. तरीही उघड्यावर काही वर्षे काढल्यानंतर जगाच्या वेगवेगळ्या भागांत या पडद्यांना तडे गेले. सेलच्या मधल्या फटींमागे, जिथे समोरून येणारे ऊन थेट आत शिरते, तिथे हे तडे ठळकपणे आढळले. तडा गेला की ओलावा शिरतो, विद्युतरोध घटतो आणि दवाने भिजलेल्या सकाळी इन्व्हर्टर बंद पडू लागतात. ज्यांनी पंचवीस वर्षांचा हिशेब मांडून कर्ज काढले, त्यांच्यासाठी ही केवळ तांत्रिक बाब नव्हती.

आकडे पाहिले म्हणजे कारण उमगते. पॅनेलच्या प्रमाणीकरणासाठीच्या आयईसी ६१२१५ या मानकात दर चौरस मीटरला १५ किलोवॅट-तास अतिनील ऊर्जेचा मारा विहित आहे. भारतात अनेक ठिकाणी आडव्या पृष्ठभागावर दर चौरस मीटरला वर्षाकाठी १८०० ते २००० किलोवॅट-तास सौर ऊर्जा पडते. त्यातील ५ टक्के अतिनील धरली, तर ती ९० ते १०० किलोवॅट-तास होते. म्हणजे प्रमाणीकरणातील मारा हा जेमतेम दोन महिन्यांच्या उन्हाएवढा. निर्मितीतील उघड दोष पकडण्यासाठी ही चाचणी आखलेली आहे. आयुष्य मोजण्यासाठी नाही. तिच्या दाखल्यातून आयुष्याचा अर्थ काढणे, हीच चूक होती. त्याखेरीज ऊन, उष्णता, ओलावा आणि ताण यांच्या चाचण्या वेगवेगळ्या नमुन्यांवर सुट्या सुट्या घेतल्या जात. छपरावर मात्र हे चौघे एकत्र येतात. पुढे २०१७ मध्ये पॅनेलमधील प्लॅस्टिकसाठी आयईसी ६२७८८-७-२ हा स्वतंत्र दस्तऐवज आला. त्यात डेलाइट फिल्टर लावलेल्या झेनॉनखाली, उष्ण स्थितीत दीर्घकाळ मारा करण्याच्या पद्धती दिल्या आहेत.

याच क्षेत्रात आणखी एक गफलत होते. पॅनेलची वीजक्षमता मोजण्यासाठी ‘सोलर सिम्युलेटर’ वापरतात आणि त्यांना ‘ए’, ‘बी’ अशा श्रेणी दिल्या जातात. ही श्रेणी परंपरेने ४०० ते ११०० नॅनोमीटरच्या पट्ट्यावरून ठरत आली. २०२० च्या आवृत्तीत ‘ए प्लस’ श्रेणीसाठी पट्टा ३०० ते १२०० नॅनोमीटर असा रुंदावला. ‘ए’ श्रेणीचा सिम्युलेटर वीज मोजण्यास उत्तम असेल. पण प्लॅस्टिक ज्याने खराब होते तो प्रकाश त्यात असेलच, असे त्या श्रेणीवरून म्हणता येत नाही.

आकाराने मोठ्या वस्तूंसाठी, उदाहरणार्थ अख्ख्या मोटारीसाठी, मेटल हॅलाइड दिव्यांची रांग छतावर लावण्यात येते. त्यांचा प्रकाश अनेक बारीक रेषांचा असला, तरी दृश्य-अवरक्त समतोल चांगला असल्याने मोटारीचा डॅशबोर्ड उन्हात तापतो तसा तापतो. एलईडीकडेही आशेने पाहिले जाते. सिम्युलेटरमध्ये एलईडी रुळले आहेत, पण ३४० नॅनोमीटरखालील एलईडी अद्याप महाग आणि कमी कार्यक्षम आहेत.

‘हजार तास’ म्हणजे किती वर्षे?

खरेदीदाराचा पहिला प्रश्न हाच असतो आणि प्रामाणिक प्रयोगशाळा त्याचे थेट उत्तर देण्याचे टाळते. झेनॉनच्या प्रचलित पद्धतीत ३०० ते ४०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात दर चौरस मीटरला ६० वॅट इतकी तीव्रता ठेवतात. हजार तासांत ही ऊर्जा ६० किलोवॅट-तास होते. वरच्या हिशेबाने ती भारतातील सात-आठ महिन्यांच्या अतिनील ऊर्जेइतकी भरते. परंतु ‘यूव्हीबी-३१३’ च्या हजार तासांना असा हिशेब लावताच येत नाही, कारण तिची ऊर्जा सूर्यापेक्षा वेगळ्याच ठिकाणी एकवटलेली असते. झेनॉनचा हिशेबही फक्त ऊर्जेचा आहे. लडाखमध्ये हवा विरळ असल्याने अतिनील प्रखर, जैसलमेरला कोरडी भाजणारी उष्णता, तर कोकणात आणि केरळात चार महिने ओल. एकच ताडपत्री या ठिकाणी एकाच गतीने जीर्ण होत नाही. जगभरच्या उद्योगांनी दमट उन्हासाठी फ्लोरिडा आणि कोरड्या उन्हासाठी ॲरिझोना ही ठिकाणे मापदंड मानली, तीही याच भेदामुळे.

म्हणून जाणकार तासांपेक्षा तुलनेवर भर देतात. उन्हात ज्याचे वर्तन ठाऊक आहे असा जुना नमुना नव्या नमुन्याशेजारी ठेवायचा आणि दोघांतील फरक पाहायचा. त्याच वेळी काही तुकडे गच्चीवर मांडून ठेवायचे. दिव्याखालची क्रमवारी आणि गच्चीवरची क्रमवारी जुळली, तरच त्या दिव्यावर विश्वास ठेवायचा. मालाचा दाखला हाती घेणाऱ्याने कोणता दिवा, कोणता फिल्टर किंवा नळी, किती तीव्रता आणि पाण्याचे कोणते चक्र, एवढे विचारावे. यातले काहीच लिहिलेले नसेल, तर ‘अतिनीलरोधक’ या शब्दावर भिस्त ठेवू नये. रस्त्याखाली व धरणाच्या भरावात वापरल्या जाणाऱ्या जिओटेक्स्टाइल कापडाबाबत ही शिस्त बऱ्यापैकी रुळली आहे: झेनॉनखाली ५०० तास आणि त्यानंतर किती टक्के ताकद उरली, हे आकड्यात मागितले जाते. हे कापड मातीखाली जाणार असते आणि ते उघडे पडते ते फक्त बांधकामाच्या काळात, म्हणून तेथे ५०० तास पुरतात. शेततळ्याच्या अस्तराला तोच निकष लावला, तर तो अपुरा ठरेल.

उत्तम दिवाही जे दाखवू शकत नाही, त्याचे उदाहरण नाशिक-सांगली पट्ट्यातील द्राक्षबागांमध्ये सापडते. भुरी रोगासाठी तेथे गंधक वापरले जाते आणि काही बागांवर प्लॅस्टिकचे आच्छादनही घालतात. अशा फिल्ममध्ये सामान्यतः वापरले जाणारे अमाइन जातीचे प्रकाशरोधक गंधक आणि क्लोरीन असलेल्या औषधांमुळे निष्क्रिय होते. तीन वर्षांसाठी घेतलेली फिल्म मग त्याआधीच ठिसूळ होऊ शकते आणि स्वच्छ पेटीतील दिव्याखाली याचा मागमूसही लागत नाही. त्यामुळे काही उत्पादक नमुन्यांना आधी गंधकाची प्रक्रिया देतात आणि मगच ते झेनॉनखाली ठेवतात. हरितगृहाच्या फिल्मच्या हमीपत्रात गंधक आणि क्लोरीनची कमाल मर्यादा दिलेली असते, तीही याच कारणाने.